शेजार कोण ठरवतं? घर, भाडं आणि सोसायटीबद्दल वाचकांचे प्रश्न

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सध्या तेच तेच गैरसमज फिरून येत आहेत. एकाला सोसायटी एनओसी देत नाही, दुसऱ्याला आडनाव ऐकून घर नाकारलं जातं, तिसऱ्याच्या इमारतीचं गेट मागच्या गल्लीत काढलेलं असतं. प्रत्येकाला वाटतं, आपलं प्रकरण निराळं आहे. मला तसं वाटत नाही. शहरात कोणत्या प्रकारची घरं, कोणत्या हक्काने आणि कुठे उभी राहिली, यावरच कोण कोणाच्या शेजारी राहणार हे बरंचसं ठरतं. माणसांच्या आवडीनिवडी त्यानंतर येतात. ओळख पटेल असा तपशील गाळून निवडक प्रश्न घेतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. स्वतःचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय कोणतंही पाऊल उचलू नका.

प्रश्न : मुलुंडला माझा फ्लॅट आहे. सेक्रेटरी म्हणतात, सोसायटीच्या एनओसीशिवाय तो भाड्याने देता येणार नाही, आणि बॅचलरला तर नाहीच. हे खरं आहे का?

नाही. आदर्श उपविधींनुसार (सोसायटीच्या कारभाराचे सरकारी नमुना नियम) सोसायटीला आगाऊ कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, इतकंच. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर जात नाही. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते मात्र आधी तपासा.

प्रश्न : करार 11 महिन्यांचाच करावा, नाहीतर भाडेकरू घर बळकावतो, असं दलालाने सांगितलं. वडीलही तेच म्हणतात.

वडिलांच्या काळी या म्हणण्याला थोडा आधार होता, दलालाच्या म्हणण्याला आज नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो 11 महिन्यांचा असो वा 36. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर दंड आणि कैद दोन्हींची तरतूद आहे, शिवाय वाद झाला तर कराराच्या अटींबाबत आधी भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. नोटरी केलेला स्टँप पेपर हा नोंदणीला पर्याय नाही. दलालाला 11 महिने का आवडतात? दर 11 महिन्यांनी नवा करार म्हणजे नवी दलाली. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं ही माहितीच असते, परवानगी नसते, हेही जाता जाता सांगतो.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी करतो, ठाण्यात घर बघतोय. फोनवर सगळं ठरतं, आडनाव सांगितलं की ‘सोसायटीत चालत नाही’ असं उत्तर येतं. एका दलालाने टोकन घेतलं आणि मग ‘कमिटी नाही म्हणते’ असं सांगितलं. याविरुद्ध कायदा नाही का?

तुम्हाला वाटतो तितका नाही. धर्म, जात, लिंग यावरून भेदभाव करण्यास संविधानाचा अनुच्छेद 15 मनाई करतो, पण मुख्यतः शासनाला. खासगी मालकाने कोणाला भाडेकरू म्हणून निवडावं, याला सरसकट लागू होणारा भेदभावविरोधी कायदा आपल्याकडे नाही. विशिष्ट गटांसाठी मात्र तरतुदी आहेत : एचआयव्हीबाधितांसाठी 2017 चा आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 चा कायदा घर भाड्याने घेण्यातल्या भेदभावालाही मनाई करतो. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो का, हे घडलेल्या गोष्टीवर अवलंबून आहे आणि ते वकिलानेच पाहावं.

टोकनचं बोलू. रोख दिलं असेल आणि पावती नसेल तर तुम्ही स्वतःच दलालाचं काम सोपं केलंत. कमिटीला भाडेकरू निवडण्याचा अधिकार नसताना ‘कमिटी नाही म्हणते’ हे वाक्य मालक, दलाल आणि कमिटी असे तिघेही वापरतात, कारण त्यात नकार नेमका कोणी दिला ते कळत नाही. नकार लेखी मागा, निदान मेसेजवर मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा सूर बदलतो. नाही बदलला, तर हातात पुरावा येतो, आणि तो घेऊनच वकिलाकडे जा.

प्रश्न : तुम्ही दर वेळी सोसायट्यांना दोष देता. लोकांना आपल्या लोकांत राहायला आवडतं. मुस्लिम मुंब्र्यात राहतात, गुजराती घाटकोपरला, मराठी माणूस डोंबिवलीला. आवडीचा प्रश्न आहे, कायद्याचा काय संबंध?

हे पत्र वेगवेगळ्या अक्षरांत सतत येतं, आणि लिहिणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

आवड असते, कबूल. गावदेवीची सारस्वत सोसायटी 1915 ची; देशातल्या पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी ती एक, आणि ती एका ज्ञातीच्या लोकांनी एकत्र येऊन उभारली. त्यात गैर काही नव्हतं. पण आवडीने वस्ती वेगळी व्हायची तर दोन गोष्टी लागतात : दाराची किल्ली आवड असणाऱ्याच्या हातात हवी, आणि दाराबाहेर रांग हवी. मुंबईत या दोन्ही गोष्टी कायद्याने आणि टंचाईने तयार झाल्या.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबई हे भाडेकरूंचं शहर होतं. चाळमालक भाड्यासाठी बांधत. त्या चाळींचं गुणगान मला करायचं नाही. गिरणीत मुकादम आपल्या गावची माणसं आणायचा, तीच माणसं एका मजल्यावर राहायची, आणि दलित कामगारांच्या वाट्याला वेगळ्या चाळी यायच्या. तरी एक फरक बघा. 1896 च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळच्या बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर 1912 पासून वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. ही सार्वजनिक संस्थेची चाळ. तेच आंबेडकर परदेशी पदव्या घेऊन बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत राहावं लागलं आणि खरी ओळख कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले. माणूस तोच होता, शिक्षण वाढलं होतं. बडोद्यात दाराची किल्ली खासगी हातात होती आणि वर दाद मागायला कोणी नव्हतं.

मग 1947 चा बॉम्बे रेंट ॲक्ट आला. तात्पुरता म्हणून आलेल्या या कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली आणि तो पुन्हा पुन्हा वाढवत अर्धशतक चालवला. भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण भाड्यासाठी नवी घरं बांधण्याचा धंदा त्यातून मेला. जो आत होता तो पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिला, कारण सोडून गेलं तर त्या भाड्यात दुसरीकडे खोली मिळणार नव्हती. पागडी, म्हणजे भाडेहक्क मिळवायला द्यायची ठोक रक्कम, देऊन जागा बदलायची तर रोकड हवी, आणि जागा सुटल्याची बातमी ओळखीतूनच फिरणार. गिरगाव, भुलेश्वर, नागपाडा इथल्या वस्त्यांचा चाळीसच्या दशकातला नकाशा भाड्याबरोबर गोठला तो असा. याला आवड म्हणायचं असेल तर म्हणा.

त्यानंतर जी नवी घरं आली ती मालकीची. सहकारी संस्थांचा कायदा 1960 चा, ओनरशिप फ्लॅटचा 1963 चा. मालकीला एकरकमी पैसा लागतो, आणि गृहकर्ज सहज मिळू लागण्याआधी तो पैसा नात्यातून, ज्ञातीच्या पतपेढीतून किंवा कंपनीतून येई. म्हणून सोसायट्याही नात्याच्या, ज्ञातीच्या, कंपनीच्या झाल्या. भाड्याचं घर उरलं ते कोणाचा तरी दुसरा फ्लॅट म्हणून, तोही सोसायटीत. चाळीच्या काळी भाडेकरू एका मालकासमोर उभा राहायचा. आता तो मालक, दलाल आणि कमिटी अशी तीन दारं ठोठावतो. कोणत्याही एका दाराला नाही म्हणता येतं.

आणि रांग? 2011 च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांहून अधिक घरं रिकामी नोंदली गेली, त्याच वेळी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत होती. कुलूप लावून ठेवलेलं घर बाजारात नसतं. ज्या मालकाच्या दाराशी दहाजण उभे आहेत त्याला आडनाव, ताट आणि लग्न विचारणं परवडतं. रिकाम्या खोल्यांचा कर भरणाऱ्या चाळमालकाला ते परवडत नसे. तो आधी भाडं विचारायचा.

आता तुमच्या मुंब्र्याकडे येतो. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं तिकडे गेली. मुंबईत भाड्याने घर मिळेना, आणि मुंब्र्यात जे परवडलं ते बऱ्याचदा परवानगी नसलेल्या इमारतीत. अशा घरावर बँक कर्ज देत नाही, म्हणून ते विकायला गेलं तर गिऱ्हाईक आणि भाव दोन्ही कमी. विकून मुंबईत परत यायचं तर पैसे पुरत नाहीत. ज्या हक्काने घर मिळालं त्याच हक्काने माणूस तिथे अडकला. तीसहून अधिक वर्षांनी आपण म्हणतो, त्यांना एकत्र राहायला आवडतं! डोंबिवलीच्या मराठी माणसाचं गणितही फार निराळं नाही. गिरगाव-लालबागची खोली सोडताना हातात जे आलं, त्यात दादरला काय मिळणार होतं?

माझा हट्ट एकच : संस्थांनी बांधलेली, संस्थांनीच चालवलेली भाड्याची घरं हवीत, जिथे खोली कोणाला हे दलाल आणि कमिटी ठरवणार नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) 2008 मध्ये 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती. खोल्या खुराड्याएवढ्या होत्या, टीका योग्यच होती. पण पुढे योजनेतून भाडंच काढून ती परवडणाऱ्या मालकीच्या घरांकडे वळवली, हे मला अजून पटलेलं नाही.

प्रश्न : मी बोरिवलीच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सुप्रीम कोर्टाने एका समाजाची सोसायटी मान्य केली आहे, असं व्हॉट्सॲपवर वाचलं. फक्त शाकाहारींना सभासदत्व असा ठराव आम्ही करू शकतो का? एका खरेदीदाराचा अर्ज त्यासाठी चार महिने थांबवला आहे.

आधी निकाल वाचा. 2005 चा तो निकाल अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा, गुजरातच्या सहकार कायद्याखालचा. सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा नोंदणीकृत उपविधी त्या संस्थेत होता, आणि संघटना करण्याच्या स्वातंत्र्याच्या आधारे न्यायालयाने तो टिकवला. मला तो निकाल रुचत नाही, पण तो आहे. तुमच्या सोसायटीत मात्र तसा उपविधी नाही. फ्लॅट खुल्या बाजारात विकले गेले आहेत. नोंदणीकृत उपविधीच्या वर सर्वसाधारण सभेचा ठराव चढत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चार महिने. अर्ज परिपूर्ण असेल आणि तीन महिन्यांत निर्णय कळवला नसेल, तर अर्जदाराला मानीव सभासद समजलं जातं. म्हणजे तुम्ही ज्याला थांबवताय तो कदाचित सभासद झालेलाही आहे. ‘बाहेरच्या’ माणसाकडून देणगी मागितली असेल तर तेही थांबवा. फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी जे हस्तांतरण अधिमूल्य घेते त्याची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे आणि देणगी हे त्याचं टोपणनाव. उपनिबंधकांची नोटीस येण्याआधी सहकार कायदा जाणणारा वकील गाठा. या आठवड्यात.

प्रश्न : सिंगापूरसारखा प्रत्येक इमारतीत कोटा का ठेवत नाहीत?

सिंगापूरने 1989 मध्ये वांशिक कोटा लावला तो सरकारी इमारतींना, आणि तिथले बहुसंख्य लोक सरकारनेच बांधलेल्या घरांत राहतात. आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे म्हाडाची (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची) सोडत : अनुसूचित जातींना 11 आणि जमातींना 6 टक्के आरक्षण, शेजारी ठरवणार संगणक. म्हाडाच्या नव्या इमारतीत लिफ्टशेजारचा नावांचा फलक कधी वाचा, आणि मग जवळच्या खासगी सोसायटीतला. मात्र म्हाडाची घरं शहराच्या गरजेपुढे मूठभर आहेत.

प्रश्न : अंधेरीला आमची झोपडपट्टी एसआरएत (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत) गेली. एकाच प्लॉटवर दोन इमारती झाल्या. विक्रीच्या टॉवरचं गेट मुख्य रस्त्यावर, आमचं मागच्या गल्लीत. मध्ये भिंत, बाग भिंतीपलीकडे. बिल्डर म्हणतो, नियमच तसा आहे.

गेट मागेच काढा, असा नियम मी तरी वाचलेला नाही. विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 33(10) इतकंच सांगतो की पात्र झोपडीधारकाला मोफत घर द्या – आता 300 चौरस फुटांचं – आणि त्या बदल्यात विकायला बांधकाम घ्या. भिंत आली ती हिशेबातून. विक्रीचा फ्लॅट जितका ‘वेगळा’ दिसेल तितका चढा भाव. जाहिरातीत ‘समविचारी शेजार’ लिहिणारा विकासक प्रत्यक्षात ही भिंत विकत असतो. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती असल्याने मागे तुम्ही दाटीवाटीने, पुढे ते ऐसपैस.

तुम्ही पाठवलेल्या हाताने काढलेल्या नकाशात बाग ‘सामायिक’ अशी लिहिली आहे. हे तुमचं म्हणणं आहे की मंजूर नकाशात तसं आहे? सगळं यावर अवलंबून आहे. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडून मंजूर अभिन्यासाची (लेआउटची) प्रमाणित प्रत माहिती अधिकारात मागवा. मनोरंजन मैदान दोन्ही भागांसाठी दाखवलं असेल तर भिंतीविरुद्ध तक्रार करता येते. अग्निशमन दलाच्या गाडीचा मार्ग भिंतीने अडत असेल तर ती तक्रार स्वतंत्रपणे आणि आधी करा.

तरी एक लक्षात घ्या. तुम्ही निदान अंधेरीत राहिलात. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत हटवलेल्या हजारो कुटुंबांना मानखुर्द-गोवंडीकडे नेलं : लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, वाशी नाका. बांधणाऱ्याला मोबदला टीडीआरमध्ये, म्हणजे हस्तांतरणीय बांधकाम-हक्कांत, मिळणार आणि तो दुसरीकडे चढ्या भावाच्या जमिनीवर वापरता किंवा विकता येणार. मग पुनर्वसनाची घरं सर्वांत स्वस्त जमिनीवरच बांधली जाणार, याला मोठी अक्कल लागत नाही. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात जो विभाग तळाला होता त्याच विभागात शहराने आणखी गरीब माणसं नेऊन ठेवली, आणि तीही अधिकृतपणे.

प्रश्न : पुण्यात आमच्या टाऊनशिपमध्ये 20 टक्के लहान घरं असणार होती. ती दिसत नाहीत.

सर्वसमावेशक घरांची अट 4,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना लागते. भूखंडाचे तुकडे पाडून आकडा खाली ठेवणं ही जुनी युक्ती, आणि कधी ती घरं दुसऱ्याच जागी दाखवली जातात. मंजूर आराखडा मागवा, मग वास्तुविशारदाला दाखवा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. इथे घर देताना जात-धर्म विचारता येत नाही. भारतात हे का जमत नाही?

1968 च्या फेअर हाउसिंग ॲक्टमुळे वंश-धर्मावरून घर नाकारता येत नाही, हे बरोबर, आणि तसा कायदा आपल्याकडे हवाच. पण तुमच्याच राज्यातला माउंट लॉरेलचा 1975 चा निकाल वाचा. तिथल्या नगरपालिकेने कोणालाही वंश विचारला नव्हता. जमिनीच्या वापराचे नियमच असे केले होते की लहान, स्वस्त घर बांधता येऊ नये. गरीब आपोआप बाहेर, आणि त्यांच्याबरोबर बहुतेक काळे लोकही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं. तुमच्या गावात अपार्टमेंटचा प्रस्ताव येतो तेव्हा ‘शाळेवर ताण येईल’ म्हणून विरोध करणाऱ्यांत आपले मराठी शेजारी असतात का, तेवढं कळवा.

प्रश्न : गिरगावात पागडीची खोली, आई-वडील तिथेच. पुनर्विकासात 300 हून थोडं जास्त क्षेत्रफळ देतो म्हणतात. चाळीतल्या बऱ्याच जणांनी सह्या केल्या. बिल्डरचा माणूस म्हणतो, परवापर्यंत सही द्या, नाहीतर ऑफर गेली.

दोन दिवसांत संपणारी ऑफर ही ऑफर नसते, दडपण असतं. सही करू नका.

क्षेत्रफळावर तुमचं सगळं लक्ष आहे, मला काळजी मेंटेनन्सची आहे. आज तुम्ही भाडं म्हणून नाममात्र रक्कम देता. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक या सगळ्यांचा खर्च दरमहा येणार, आणि तो पेन्शनमधून जाणार. वरळीत 2025 च्या ऑगस्टमध्ये 160 चौरस फुटांच्या खोलीतल्या बीडीडी चाळींच्या रहिवाशांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मोठी गोष्ट आहे, पण तिथेही रहिवाशांचा पुढचा प्रश्न हाच होता. पाच-दहा वर्षांत खोली विकून विरारला जाणारे बहुतेक हौसेने जात नाहीत. मासिक बिल त्यांना नेतं, आणि गिरगावातला मिश्र उत्पन्नाचा शेजार एकेक घराने विरळ होतो.

म्हणून करारात या गोष्टी बघा : कॉर्पस (देखभालीसाठीचा ठेव निधी) किती आणि कोणाच्या नावावर, देखभालीचा खर्च पुनर्वसन आणि विक्रीच्या भागात कसा वाटला जाणार, सोसायटी एक की दोन, संक्रमण काळाचं भाडं किती महिन्यांचं आगाऊ आणि त्याला बँक हमी आहे का. महारेराचं (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाचं) संरक्षण विक्रीच्या घरांना आहे. पुनर्वसनाच्या घराला ते आपोआप मिळेल असं गृहीत धरू नका, म्हणजे तुमचा सगळा आधार नोंदणीकृत करारच. ज्यांनी आधी सह्या केल्या त्यांच्याकडून कराराची प्रत घ्या; प्रत कोणालाच दिली नसेल, तर तेवढं कारण थांबायला पुरे. आई-वडिलांना घेऊन पागडीची प्रकरणं हाताळणारा वकील गाठा, आणि भाडेपावती नक्की कोणाच्या नावावर आहे ते निघण्याआधी पाहून घ्या.